हणमंतभाऊजींची डाळिंबी

मी मेथी निवडत बसले होते आणि फोन ह्यांनी उचलला. आमचे हे फोनवर फार बोलत नाहीतच, पण त्या सकाळी ते एक शब्दही बोलले नाहीत. नुसतं ऐकत उभे राहिले. मग फोन खाली ठेवून म्हणाले, "हणमा गेला." दहिवडीजवळच्या गावी, अंगणातल्या हौदातून पाणी काढता काढता हणमंतभाऊजी खाली बसले ते उठलेच नाहीत. मी जुडी हातात धरून तशीच बसले. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आता मी रागावू कुणावर? या माणसाशी मी तीन वर्षं बोलले नव्हते. आणि अबोला धरायलासुद्धा समोरचा माणूस कुठेतरी असावा लागतो...

भाऊजी आणि आमचे हे एकाच पलटणीतले. हे सरहद्दीवर, आणि भाऊजी नोकरीची बहुतेक वर्षं ऑफिसर मेसमध्ये. माणमधल्या मेंढपाळाच्या घरातला मुलगा साहेबांच्या पार्ट्यांमध्ये ट्रे घेऊन फिरायला लागला आणि हळूहळू मेसच्या बारचा सगळा कारभार त्याच्याकडे आला. स्वतः मात्र त्यांनी कधी थेंब चाखला नाही. "आमी वतणारे, वहिनी. पिणारे येगळे," असं म्हणायचे आणि आपल्याच बोलण्यावर खूश व्हायचे. निवृत्तीनंतर दोघांनी साताऱ्यात एकाच कॉलनीत घरं बांधली, मध्ये जेमतेम दोन गल्ल्या. हे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटीला लागले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. बाहेरून बघणाऱ्याला आमचं सगळं छान होतं. पण ह्यांनी पलटणीतून जी सवय घरी आणली होती ती वर्षागणिक वाढत गेली. बाटली पाण्याच्या टाकीमागे सापडायची, स्कूटरच्या डिकीत सापडायची, एकदा तर तांदळाच्या डब्यात सापडली. शाळेतून आले की मी आधी वास घ्यायची. शर्टाचा, उशीचा, बेसिनचा. पर्स खाली ठेवायची ती त्यानंतर.

शेवटी मिरजेला दवाखान्यात न्यावं लागलं. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. मुलगी बाळंतपणात अडकलेली, माझे भाऊ लांब. तेव्हा भाऊजी जे माझ्याबरोबर आले ते ह्यांना घरी सोडेपर्यंत हलले नाहीत. औषधं आणणं, रिपोर्टसाठी रांगा लावणं, मला बळेच दोन घास खायला लावणं, सगळं त्यांनी केलं. सख्ख्या दिरानंही एवढं केलं नसतं, असं मी तेव्हा शंभर वेळा मनात म्हटलं असेल. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की लिव्हर अजून साथ देतंय, पण आता एक थेंबही चालणार नाही. बाहेर आल्यावर, दवाखान्याच्या पायरीवरच, भाऊजींनी ह्यांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बोल, इलाश्या. परत घेतलीस तर हणमा मेला म्हणून समज." हे लहान मुलासारखे रडले. रडत रडत बोलले.

त्यानंतर हे घराबाहेर पडेनात. लग्न नको, बारसं नको, जुन्या मित्रांच्या गाठीभेटी नकोत. दिवाळी आली तेव्हा मी म्हटलं, यंदा कुणाला बोलवायलाच नको. त्यावर भाऊजी म्हणाले, "तसं न्हाई चालायचं. लोकांत न्हेल्याबिगर त्यो सुधरायचा न्हाई. आन् वहिनी, मोकळ्या हाताचा माणूस दिसला की लोक आग्रेव करत्यात. भरला गिलास हातात असला की कोण इचारत न्हाई." मग म्हणाले, भरला ग्लास मी देतो, तुम्ही पाहुणे बोलवा.

वसुबारसेच्या दिवशी ते आटपाडीच्या डाळिंबांची पेटी घेऊन आले. माझ्या स्वयंपाकघरात तोवर कुणी पुरुष पाणी प्यायलाही स्वतःहून शिरला नव्हता. त्यांनी बाही वर केली, पाटावर बसले आणि डाळिंबं सोलायला घेतली. दाणे मिक्सरमध्ये घालायचे नाहीत, बिया फुटल्या की रस कडू होतो. पंच्यात घालून हातानं पिळायचे. थोड्या रसात साखर, आलं, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घालून उकळायचं, निवलं की बाकीच्या रसात मिसळायचं, वरून लिंबू, चिमूटभर सैंधव, आणि ते गार होऊ द्यायचं. पाहुणे आले की ग्लासात चार बोटं रस आणि मग सोडा. सोडा ग्लास तिरका धरून कडेनं सोडायचा. मी पहिल्यांदा चमचा घालून ढवळलं तर केवढ्यानं ओरडले! "आवं, जीव गेला की त्येचा!" वर गुलाबी फेस यायचा, बुडबुडे तळातून सरसर वर चढायचे आणि फेसावर ते डाळिंबाचे दोन दाणे टाकायचे. ते दाणे खाली-वर नाचायचे. पाडव्याच्या संध्याकाळी पलटणीतली सहा-सात कुटुंबं आली होती. एरवी गच्चीवर बाटली उघडणारी ती माणसं चकली हातात घेऊन तो लाल ग्लास नाकाशी नेत होती आणि पुन्हा मागत होती. कुणीतरी त्याला 'डाळिंबी' नाव दिलं. पुण्याच्या माझ्या बहिणीला मी फोनवर म्हटलं, सगळ्यांनी डाळिंबी तीन-तीनदा घेतली, तर तिला वाटलं मी वालाची उसळ केली होती. आणि ह्यांच्याही हातात ग्लास होता. हे हसत होते, सियाचीनचे किस्से सांगत होते. मी दाराआडून कितीतरी वेळ बघत राहिले.

ह्यांना साखरेचा त्रास होता, म्हणून भाऊजी ह्यांच्यासाठी कमी गोडाचा रस वेगळ्या बाटलीत करून आणायचे. पुढे ते दर रविवारचंच झालं. डाळिंब नसेल तेव्हा तासगावची काळी द्राक्षं, उन्हाळ्यात कोकम, पावसाळ्यात जांभळं. फ्रिजच्या दारात ती बाटली असायची आणि तिला आम्ही 'ह्यांची बाटली' म्हणायचो. मला त्याचं इतकं कौतुक, की महिला मंडळाच्या हळदीकुंकवात, भाऊजी त्यांच्या बायकोला, शकूवहिनींना, पोचवायला आले होते तेव्हा, मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "माझा संसार ह्या माणसानं वाचवला." भाऊजींनी मान खाली घातली. मला वाटलं, केवढा विनय!

आणि मी वास घ्यायचं सोडून दिलं. दारुड्याच्या बायकोलाच कळेल त्याचा अर्थ काय होतो. शर्ट धुवायला टाकताना तो नुसता शर्ट असायचा. मी पडल्या पडल्या झोपी जायला लागले.

पाचव्या दिवाळीतला पाडवा. घर भरलेलं. हे अंगणात पाहुण्यांच्या नातवंडांना भुईनळे लावून देत होते आणि त्यांचा ग्लास खिडकीत राहिला होता. मी सकाळपासून उभी, घसा कोरडा पडलेला. समोर दिसला तो ग्लास उचलला आणि एक मोठा घोट घेतला. आलं लागलं, लवंग लागली... आणि मग मागून ते आलं. ज्या वासाशेजारी मी सतरा वर्षं झोपले होते, तो वास ओळखायला मला दुसऱ्या घोटाची गरज नव्हती.

स्वयंपाकघरात भाऊजी ओळीनं मांडलेल्या ग्लासांत सोडा सोडत होते. मी तो ग्लास ओट्यावर ठेवला.

"भाऊजी, ह्यात काय आहे?"

ग्लास कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही. माझ्या मनानं तिथेच खाल्लं.

"टोपणभर हाय, वहिनी. जास्त न्हाई."

"कधीपासून?"

त्यांनी हातातली सोड्याची बाटली खाली ठेवली. बाहेर पोरं ओरडत होती. मी पुन्हा विचारलं तेव्हा ओट्याकडे बघत म्हणाले, "पयल्या दिवाळीपास्नं."

मग सांगत सुटले. मिरजेहून आल्यावर महिन्याभरातच हे त्यांच्या दारात जाऊन बसले होते. हात लटलट कापत होते. तू दे, नाहीतर बाहेर जाऊन बाटलीच तोंडाला लावतो, म्हणाले. "मला बगवंना, वहिनी. वाटलं, माझ्या हातानं दिली तर मापात ऱ्हाईल. चार वर्सं मापात ठिवलीच की मी."

"आणि शपथ?"

"ती माझ्या डोक्यावर हाय. व्हायचं ती मला हुईल. त्येला न्हाई."

त्यांनी ट्रे उचलायला हात पुढे केला, तो मी बाजूला सारला. ट्रे मी स्वतः बाहेर नेला, सगळ्यांना ग्लास दिले, सगळ्यांना लाडू वाढले, हसले. पाहुणे उठेपर्यंत भाऊजी मागच्या दारानं निघून गेले होते. ह्यांना मी एवढंच म्हटलं, की तो माणूस आता या घरात येणार नाही. हे मान खाली घालून बसले, अगदी त्या हळदीकुंकवातल्या भाऊजींसारखे. तेव्हा मला कळलं की ह्या घरात चार वर्षं दोघं जण एका बाजूला होते आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला, आणि मला वाटत होतं आम्ही तिघंही एकत्र आहोत.

पुढच्या उन्हाळ्यात ह्यांना रक्ताची उलटी झाली. पुन्हा मिरज. ते टोपणभरानं झालं की आधीच्या वर्षांनी, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. भाऊजी दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहायचे, मी खिडकीतून बघायची. एकदाही वर येऊ दिलं नाही. हे वाचले, आणि त्यानंतर खरोखरच सुटली. भीतीनं असेल, वयानं असेल. भाऊजींनी साताऱ्याचं घर भाड्यानं दिलं आणि ते गावी जाऊन राहिले. पुढच्या दिवाळीला पाहुण्यांनी डाळिंबी मागितली तेव्हा मीच केली. एकाच पातेल्यातून, सगळ्यांसमोर, सगळ्यांचे ग्लास भरले. चांगली झाली होती. भाऊजींचा फोन दर पाडव्याला यायचा. वाजून वाजून बंद व्हायचा.

दहाव्याला मी ह्यांच्याबरोबर गेले. पुसेगाव सोडलं की दोन्हीकडे माळ सुरू होतो, त्या माळाकडे बघत हे बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, "शपथ मी मोडली आणि गेला तो." शपथेनं माणूस मरत नाही, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवत आले. ह्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही.

विधी आटोपल्यावर शकूवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. मला धरून रडल्या. मग डोळे पुसत ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "आता भावजी कशापायी येतील हिकडं! म्हैन्यातनं एकदा तरी यायचे."

"कोण यायचे?"

"भावजी की. तुमाला ठावं न्हवतं व्हय?" त्यांचा चेहराच उतरला.

दर महिन्याला हे माजी सैनिकांच्या बैठकीला म्हणून जात. डबा मी भरून द्यायची, दोन पोळ्या जास्त, बैठकीत कुणी उपाशी असेल तर असू देत म्हणून. ती बैठक इथे भरत होती, दोघांचीच. मी विचारलं, "प्यायचे का?"

"न्हाई वो! च्या प्यायचे. तुमचा डबा खायचे. दोघं मेंढरांमागं जायाचे आन् तिकडं झाडाखाली बोलत बसायचे दिसभर. हसायचे लय. मला वाटायचं, तुमीच धाडता त्येंस्नी."

दारूचं कळलं तेव्हा मी पेटून उठले होते. हे ऐकून मात्र मला रागावताही येईना. दारू चोरून प्यावी लागते, हे मी समजू शकते. पण चहा? हसणं? मी साताऱ्यात एकटी रागावून बसले होते, तो राग दोघांच्या वतीनं सांभाळतेय असं मला वाटत होतं. आणि ज्यांच्यासाठी तो सांभाळला ते इथे माझ्याच पोळ्या मोडून मित्राला खायला घालत होते. मला एकदा विचारलं असतं, तर मी आले असते का? कदाचित नसते आले. पण विचारायला तर हवं होतं दोघांपैकी एकानं.

मी ह्यांना म्हटलं, "कुठे बसायचात, दाखवा मला."

हे पुढे निघाले. वाड्यामागून, मेंढरांच्या रिकाम्या जाळीजवळून चढ चढून गेलो. वर एक बोराचं झाड आहे आणि त्याखाली रुंद, काळा खडक. बसून बसून त्याला दोन जागी गुळगुळीतपणा आला आहे. एका जागेशेजारी चुलीसाठी लावलेले तीन धोंडे आणि राख होती. तिथून सगळा माळ दिसतो. मी जाऊन त्या चुलीशेजारच्या जागेवर बसले.

हे उभेच राहिले. हळूच म्हणाले, "ती हणमाची जागा आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि तिथून उठले नाही.