जागच्या जागी दुडकी

आमचे रायडिंगचे मास्तर घोडीला ‘अहो बाई’ म्हणतात आणि आम्हा शिकणाऱ्यांना ‘अरे पोत्या’. घोडीनं पुढे न सरकता जागच्या जागी दुडक्या चालीनं नाचायचं, ही त्यांची लाडकी कसरत. त्यासाठी ते मैदानावर फक्कीनं वर्तुळ आखतात आणि शेजारी खुर्ची टाकून ओरडतात, “लगाम ओढू नकोस रे, दूध काढतोयस का?”

दोन वर्षांनी काल मला ते जमलं. मी लगाम सैल सोडला आणि घोडी वर्तुळात चक्क आठ पावलं नाचली. मास्तर चहा टाकून धावत आले. घोडीला गूळ भरवत म्हणाले, “माफ करा बाई, तुमच्या पाठीवर कोणी बसलंय हे मी विसरलोच.”

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी जाताना द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा कुठे लक्षात आलं की ते कौतुक माझं होतं.