चार मालकिणींचा चपात्यांचा कारखाना

आम्ही चौघी जमलो की कामाचं बोलायचं ठरवतो आणि किस्से सांगत बसतो. मिलचा संप लागला, पुरुष घरी बसले, तेव्हा घोडपदेवच्या चाळीत शालूताई परबच्या खोलीत आम्ही चपात्या लाटायला लागलो. शालूताई, कांबळे वहिनी, हिराबाई कोळीण आणि मी. इतक्या चपात्या लाटल्या, तर किस्से साठणारच!

*

गिऱ्हाइकं आणली हिराबाईने. मासळीची टोपली घेऊन ती माटुंग्यापर्यंत दारोदार फिरायची. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची स्वयंपाकीण काम सोडून गेली, हिला सगळं ठाऊक! मला भारी कुतूहल. "तुला लोक सांगतात तरी कसं गं?"

"मी भाव सांगते, त्या घरचं सांगतात!"

एकदा तिने चपात्यांचा डबा टोपलीतच ठेवून नेला. घर मासळी खाणारं, तरी बाई ओरडल्या, "चपातीला बोंबलाचा वास येतोय!"

हिराबाई म्हणाली, "येऊ दे की. त्याचे वेगळे पैसे नाय लावले!"

*

होळीला दादरच्या एक बाई पुरणपोळ्यांची ऑर्डर द्यायला खोलीवर आल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "करणारी आपल्यातलीच ना?" कांबळे वहिनी समोरच पुरण वाटत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शालूताई मात्र शांत. "पुरण कांबळ्यांचं, कणीक कोळ्यांची, तवा परबांचा. यातलं काय काढून ठेवू?"

बाई तडक निघून गेल्या. सणाला मात्र सगळ्या पोळ्या घेऊन गेल्या!

*

शालूताईचे यजमान दत्ताभाऊ मिलच्या साचेखात्यात, मागावर होते. गेट मीटिंगा गाजवलेला माणूस. आमची ओढाताण बघून एक दिवस भडकले. "ही पिळवणूक आहे! मजुरी वाढवून मागा!" मागण्या ठरल्या, घोषणा शिकवल्या, आम्हीही जोशात ओरडलो.

कांबळे वहिनींनी विचारलं, "भाऊ, हे मागायचं कुणाकडे?"

"मालकाकडे!"

"मालक कोण?"

भाऊंनी खोलीभर पाहिलं. पिठाने भरलेले चार हात वर झाले!

*

संप ओसरला. मिलने काहींना परत घेतलं, भाऊंना नाही. माणूस घरात बसून वाळत चालला. बायकोकडे काम मागायला त्यांची जीभ उचलेना, आणि "या" म्हणायला तिला धीर होईना. आम्हाला त्यांची फार काळजी वाटायची.

मिलमध्ये बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी आत घेत. भाऊंची सुरुवातही तशीच झालेली. एका सकाळी बघतो तर भाऊ अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्याच खोलीच्या दाराबाहेर उभे. हातात जेवणाचा डबा.

शालूताईचं लाटणं थांबलं.

कांबळे वहिनी तव्यासमोरून उठल्या. "आज माझं डोकं दुखतंय," म्हणाल्या आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसल्या. भाऊ आत आले.

दुसऱ्या दिवशी हिराबाईचं डोकं दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशी माझं!