पडद्यांवर माझी सही

सुनेचं रक्त थांबत नव्हतं आणि दवाखान्याची गाडी आवारात विटांवर उभी होती. पोरगी होऊन अर्धा तास झाला होता, ती रडून झोपलीही होती, पण तिच्या आईखालची चादर नर्सने तीनदा बदलली. इथं काही होणार नाही, गोंदियाला न्या, असं ती म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. ड्रायव्हर गाडीच्या सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता.

"गाडी काढ रे."

"कशी काढू, आजी? मांगचं चाकच नाही आहे. टायर घ्याले समितीची मंजुरी लागते."

"मंग समितीले विचार ना."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "समितीत तर तुमीच आहा."

खरं होतं ते. दवाखान्याला सरकारकडून वरखर्चाला पैसा येतो. तो कशावर जातो हे पाहायला समिती असते. तिच्यात लोकांच्या बाजूने एक बाई द्या, असं पत्र आमच्या बचत गटाला आलं होतं. आलं ते नेमकं धानाच्या रोवणीत. चोरखमारा तलावाचं पाणी सुटलेलं, धानाची रोपं, म्हणजे परे, उपटून ठेवलेले, अशा वेळी मजुरी सोडून खुर्चीवर बसायला जाणार कोण? म्हणून बायांनी चिखलात वाकल्या वाकल्याच निवडणूक उरकली. रोवताना सगळ्या मागे मागे सरकतात. माझा गुडघा दुखायचा, त्यामुळे बाकीच्या मागे निघून जायच्या आणि मी एकटीच पुढे उरायची.

"बुढी, तूच जाय," टोळीची म्होरकी म्हणाली. "तशीबी तुयी रांग वाकडी येते. चौथी शिकली, सही येते. अजून काय लागते?"

"खुर्ची भेटन, चाय भेटन," दुसरी म्हणाली.

अशी मी बिनविरोध आले. आमच्याकडे रीतच ती. जिच्यावाचून काम अडत नाही, तिला बैठकीला पाठवायचं.

समितीत संस्थांच्या बाजूनेही एक जण होता. त्याची संस्था म्हणजे तो, त्याची बायको आणि एक शिक्का. त्याला कोणी निवडलं हे मला आजवर कळलं नाही. शिक्का स्वतःचा होता, तेवढं पुरलं असावं. पहिल्याच बैठकीत त्याने डॉक्टरांच्या खोलीला पडदे आणि फाटकावर मोठा बोर्ड मागितला. दोन्ही त्याच्या साळ्याच्या दुकानातून. कायले, असं मी एकदा विचारलं.

"अम्माजी, दवाखाना अच्छा दिखना चाहिए," तो म्हणाला.

त्याच कागदांत खाली टायरचा अर्ज होता. तो पुढच्या बैठकीवर टाकला. मी समोसा खाल्ला, गुडघ्याची गोळी घेतली आणि सही केली. माझ्या घरी तेव्हा सुनेला पाचवा महिना होता. गाडी लागेल हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही.

ती पुढची बैठक नेमकी त्याच दिवशी होती. संस्थावाल्याची जीप फाटकाशी उभी होती. चार चाकं खाली आणि पाचवं मागे बांधलेलं. मी आत गेले. तो आणि डॉक्टर चहा पीत होते.

"जीपची चावी द्या. सून मरून राहिली."

"अम्माजी, प्रायव्हेट गाडी है. ऐसे कैसे? पहले ठराव लेना पड़ेगा."

"घ्या मंग ठराव. मी सूचक."

डॉक्टर कप ठेवून उठले. "मी अनुमोदक," म्हणाले आणि दाराबाहेर पडलेसुद्धा.

दोन मतं झाली. चावी त्याने टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही. "सीट कव्हर नया है," म्हणाला.

मी त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर चढले आणि पडदे ओढले. दांडीसकट आले, भिंतीचा पोपडाही आला आणि चावीवरचा त्याचा हात निघाला. ते जीपमध्ये अंथरले आणि सुनेला वर निजवलं. कापड जाड होतं, रक्त सीटपर्यंत गेलं नाही. साळ्याने माल चांगला दिला होता, हे मान्य करते.

ड्रायव्हरने खर्रा थुंकून चाक धरलं. नर्स सुनेचं पोट दाबून बसली. पोरगी माझ्या मांडीवर होती.

"माय, मी मरून राहिली का?" सुनेने विचारलं.

"काऊन मरशील? धान कापाचा आहे अजून."

गोंदियाला दोन बाटल्या रक्त चढलं, तिसरी आणायला माझ्या पोराला पाठवलं.

त्यानंतर दवाखान्याच्या गाडीला चाक लागेपर्यंत मी एकाही कागदावर सही केली नाही. संस्थावाला दर बैठकीला पडद्यांचं विचारायचा. धुऊन आणते, असं मी सांगायची. आणले नाहीत.

माझी मुदत संपली तेव्हा पत्र पुन्हा रोवणीतच आलं. ते काढणाऱ्याने धान फक्त ताटात पाहिला असावा. म्होरकीने पुन्हा पाहिलं, कोण एकटी पुढे उरली ते.

"आता तसं नाही," मी म्हटलं. "जिच्या घरी बाळंतपण यायचं आहे, तिनं जावं. तिच्या वाट्याची रोवणी आपण करू."

"तुयी रोवणी वाकडी येते, बुढी."

"वाकडा धानबी पिकते."

कुरकुरत का होईना, तसं ठरलं. पोटुशी असलेली एक जण हात धुऊन बांधावर चढली आणि पत्र घेऊन गेली.

त्या जीपमधून गेलेली माझी सून जगली. तिची पोरगी जगली.