भावजींनी घेतलेला काढा

माझ्या भावजींइतका उतावळा माणूस सिंगापूरच्या बेटावर दुसरा नसेल. असलाच तर भावजींनी त्याला केव्हाच मागे टाकलं असेल. लिफ्टची वाट बघणं त्यांना अपमानास्पद वाटतं, म्हणून सेम्बावांगच्या आपल्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर ते जिन्यानं जातात. एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, वेळेवर पोचली तरी ‘आज रेंगाळलीच’ म्हणतात. हॉकर सेंटरमध्ये नूडल्स सांगितल्यावर ते स्टॉलसमोर अशा येरझाऱ्या घालतात, की स्वयंपाकी घाबरून रांगेतल्या चौघांच्या आधी यांचा वाडगा भरतो. जेवण होताच ते आपला ट्रे उचलून परत ठेवतात, पण एकदा माझाही उचलला. मी अजून जेवत होते.

अशा माणसाच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, गेल्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला. सहा केमो, दर तीन आठवड्यांनी एक. मधले दिवस नुसती वाट बघायची, आणि तेवढं एकच भावजींना येत नव्हतं. दुसऱ्या केमोनंतर ताई इतकी गळून गेली की पाण्याचा पेलाही तिला दोन्ही हातांनी उचलावा लागे. भावजी दर दहा मिनिटांनी विचारत, “आता कसं वाटतंय?” ताई डोळे न उघडता म्हणायची, “मघाशी वाटत होतं तसंच.”

मग शेजारच्या चिनी आजींनी हुआंग चीचं नाव काढलं. अशक्तपणावर त्यांच्याकडे ही मुळी सुपात उकळतात. आजींचं वाक्य पुरं व्हायच्या आत भावजी निम्मा जिना उतरले होते. चिनी औषधांच्या दुकानातून ते पिवळट, चपट्या चकत्यांची पिशवी घेऊन आले. दुकानातल्या वैद्यबाईंनी मात्र इथे वाक्यावाक्याला लागतो तो ‘लाह’ लावून बजावलं होतं, “अंकल, केमो चालू आहे ना? आधी तिच्या डॉक्टरांना विचारा लाह!” डॉक्टरांची भेट नऊ दिवसांनी होती. नऊ दिवस! ताईला देता येत नाही आणि स्वस्थ बसवत नाही, म्हणून भावजींनी तो काढा स्वतःच प्यायला सुरुवात केली आणि वहीत नोंदी ठेवल्या. ‘दिवस तिसरा. भूक उत्तम. बारा मजले चढलो, दम नाही.’

भेटीच्या दिवशी मी आणि माझी भाची बरोबर होतो. ताई रक्ततपासणीला गेली आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना हॉस्पिटलच्या फार्मसिस्ट बाईंकडे पाठवलं. त्यांनी वही शांतपणे वाचली आणि विचारलं, “काढ्याच्या आधी किती मजले चढत होतात?”

“बाराच,” भावजी म्हणाले.

“बाबा, यू नॉट द पेशंट लाह!” भाचीनं कपाळाला हात लावला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, थकव्यावर या मुळीचा उपयोग होत असेलही, पण खात्रीनं सांगण्याइतकं अजून कळलेलं नाही. चालू औषधांत ती ढवळाढवळही करू शकते. केमो संपेपर्यंत नको. “न देता आधी विचारलंत, हे फार बरं केलंत.”

बाहेर आल्यावर भावजी कॉरिडॉरमध्ये थांबले. “म्हणजे मी करायचं तरी काय गं? नुसतं बघायचं?” मी त्यांच्या हातातली वही घेतली.

घरी मी ताईला वही वाचून दाखवली. पाचव्या दिवसापर्यंत आले आणि ती हसायला लागली, कित्येक आठवड्यांनी. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, “अहो, थकवा मला आलाय!”

भावजी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. “कसा असतो तो? मला कधी आलाच नाही. सांग.” आणि ताई सांगत राहिली. मधे एकदाही ‘पुढे?’ न म्हणता त्यांनी ऐकलं.

केमो संपल्या. डॉक्टरांच्या संमतीनं आता अधूनमधून हुआंग चीचं सूप होतं. ताई सावरते आहे. सुपानं की नुसत्या दिवसांनी, कोणी सांगू शकत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे.

परवा दुपारी मी गेले, तर दार ताईनंच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत सोफ्यावर भावजी गाढ झोपले होते, चष्मा तसाच नाकावर. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी स्थिर असा पाहिलाच नव्हता. केवढे म्हातारे दिसत होते! ताईनं अलगद चष्मा काढून घेतला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “वर्षभरात आज लागलाय डोळा.”