मागच्या बाकावरची वाकळ

मार्थाआत्या गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हा मला आधी रडू नाही, राग आला. अंथरुणाला खिळल्यापासून ती चर्चमधलं प्रभुभोजन मागत होती. 'कमिटी बसू द्या, मग बघू,' असं पाळकसाहेब सांगत राहिले. कमिटी बसायच्या आत आत्या गेली... आणि अंत्यविधीला त्याच कमिटीचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, 'मंडळीची आई गेली.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्या परळीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाचं चुकलं की त्याचं प्रभुभोजन बंद करतात. भाकर आणि प्याला पुढे फिरतो, तो माणूस मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. आत्या उठून त्याच्याशेजारी बसायची आणि स्वतःही भाकर घ्यायची नाही. बाकावर परळीच्या वीज केंद्रातून उडून आलेली राख असायचीच. ती झटकून आपली वाकळ अंथरायची. म्हणून ती भोळी होती असं कुणी समजू नये. दारू सोडल्याची शपथ घेणाऱ्या एकाला तिने तिथेच सुनावलं होतं, 'खोटं बोलायलास, मला कळतंय. सरक तिकडं, बसू दे मला.'

मग अध्यक्षांची सून रूथ नवऱ्याचा मार खाऊन आत्याच्या दारात आली. तिला परत पाठव, नाहीतर तिच्यासारखं तुझंही प्रभुभोजन बंद, असं अध्यक्ष बजावून गेले. आत्या म्हणाली, 'पोराचा हात आवरला का तुमी? ते सांगा आधी.' झालं, तिचं बंद! तेव्हापासून दोघीच मागे बसायच्या. जिने सगळ्यांची सोबत केली, तिच्याशेजारी एकजणही उठून आला नाही. लाजा कशा वाटल्या नाहीत? मला बीडला हे फोनवर कळायचं आणि मी नुसता धुमसायचो.

ती मात्र चिडायची नाही, याचाही मला राग आहे. 'आत्ये, कावून सोसतेस?' विचारलं तर म्हणायची, 'लोकाला भेतेत रे ते. त्यांच्यावर बी पाळी येईल... तवा जागा ठेव.'

परवा प्रभुभोजनाला मुद्दाम गेलो. रूथने आत्याची वाकळ अंथरली होती, तिच्याशेजारी बसलो. भाकर फिरायला लागली आणि पुढच्या बाकावरून अध्यक्षांची बायको, रूथची सासू, उठली. तोंडाला पदर लावून आमच्याजवळ येऊन उभी राहिली. मी हललो नाही. राहू दे उभी, म्हटलं.

'दादा, सरका की,' रूथ हळूच म्हणाली. 'बसू द्या त्यांना.'

मी सरकलो. राग तसाच घेऊन सरकलो.