मागून येणाऱ्याचा शब्द

आमच्या वाचनालयात पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवायचं आणि मागून येणाऱ्यासाठी एक शब्द मोकळा ठेवायचा, असा रिवाज आहे. तो कुणी घालून दिला, ठाऊक नाही. मोडत मात्र कुणी नाही.

आज कोड्याचा विषय होता नातीगोती. अण्णा नेहमीसारखे सगळ्यांना ऐकवत सोडवत होते. "सासू आडवी, सासरा उभा. कोडं रचणाऱ्याचं लग्न झालेलं दिसतंय!" पुढे म्हणाले, "व्याही आणि विहीण एकाच 'ही'त बसवलेत. आता मानपान आधी कुणाचा?"

मी हसलो. मनात आलं, कोड्यात अक्षर वाटून घेतलं की नाती जुळतात. बाहेर वाटण्या झाल्या की नेमकं उलटं होतं.

अण्णा गेल्यावर पाहिलं. एरवी ते अवघडातला अवघड शब्द सोडतात. आज सोडलेली होती दोनच घरं, आणि सूचना होती, 'पाठीला पाठ लावून आलेला'. शाळकरी पोरानंही 'भाऊ' लिहिलं असतं.

अण्णांचे धाकटे बंधू इथे दुपारी येतात. घराची वाटणी झाल्यापासून दोघांनी वेळा वेगळ्या करून घेतल्यात. पेपर हातोहात फिरला, पण तो शब्द कुणी भरला नाही. मीही नाही. उगाच रेंगाळत राहिलो.

दुपारी बंधू आले. कोड्यातलं अण्णांचं अक्षर त्यांनी ओळखलं असावं. पेन्सिल उचलून पुटपुटले, "सोपंय की."

पेन्सिल मात्र कागदाला टेकेना.