उन्हाची मोजणी

एकतीस वर्षं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी सांगितलेला आकडा त्याला पचत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच तो खरा धरतो. रीडिंगकाकांची ही खोड साऱ्या गल्लीला ठाऊक होती. वजनकाट्यावर उभे राहिले तर उतरून पुन्हा एकदा उभे राहत, आणि दोन्ही वेळा आकडा सारखा आला तर तिसऱ्यांदा, कारण सारखा कसा आला याचीच त्यांना शंका. त्यांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं.

नोकरीत त्यांनी माणसं पाहिली ती जिन्याखालच्या अंधारात, टॉर्चच्या उजेडात, कधी गांधीलमाशांच्या पोळ्याशेजारी उभं राहून. आकडा एकदम चढला की घरात पाळणा हलला असं समजायचं, नाहीतर पाहुणा मुक्कामाला आला असं. एकदम उतरला की कोणीतरी कायमचं गेलं. पण या दारचं त्या दारी त्यांनी कधी नेलं नाही. पुढे आपला आकडा आपणच ऑफिसला कळवणारे मीटर आले, आणि काका वेळेवर निवृत्त झाले.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या शहरात राहायची. तिने स्वतःच्या घरावर सोलर बसवलं होतं. तेव्हापासून तिचा एकच धोशा. "बाबा, छत रिकामं पडलंय. बसवून टाका. एवढा विचार कसला करायचा त्यात?"

"विचार नाही करत. बघतोय," काका म्हणायचे.

शेवटी तिनेच इकडच्या एका कंपनीला फोन केला आणि सर्व्हे करणारी एक मुलगी दारात हजर झाली. ऐन उन्हाळ्यातली दुपार. पाठीवर बॅग, हातात टेप. तिने छताची लांबी-रुंदी घेतली, मोबाइलवर फोटो काढले आणि आठ मिनिटांत निकाल दिला. "दहा पॅनल आरामात बसतील, सर. छत एकदम मोकळं आहे."

"लाईट गेली तर हे चालतं का?" काकांनी विचारलं.

"नाही सर. लाईट गेली की हेही बंद पडतं. तारेवर कोणी दुरुस्ती करत असेल तर त्याला शॉक बसू नये म्हणून तसंच केलेलं असतं. बॅटरी लावली तर गोष्ट वेगळी."

उत्तर काकांना माहीत होतं. प्रश्न मुलीची परीक्षा घ्यायला होता. मुलगी पास झाली, म्हणून त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. "आणि सावलीचं काय?"

"सावली किरकोळ आहे."

"किरकोळ म्हणजे किती?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. "आत्ता तर काहीच नाही."

"आत्ता माझीसुद्धा सावली पायाखाली लपून बसलीय. मी थंडीचं विचारतोय."

मुलीने मोबाइलमध्ये डोकं घातलं, मग खरं ते बोलून टाकलं. "सर, आमच्या नकाशात तुमच्या शेजारचं घर एकमजली दिसतंय."

शेजारच्या सुताराने दोन वर्षांपूर्वी वर मजला चढवला होता. त्याची भिंत आता काकांच्या छताकडे वाकून बघत असल्यासारखी उभी होती. मुलीने मान खाली घातली. "म्हणजे थंडीचा अंदाजच म्हणावा लागेल. आणि एका पॅनलवर सावली पडली तर त्याच्या माळेतले बाकीचेही मंदावतात."

"मग अंदाज नको. मीच बघतो."

"किती दिवस लागतील?"

"ते सूर्याला विचारा," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगीत खडूंची पेटी आणली. आठवड्यातून एक दिवस ठरवला. त्या दिवशी नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता छतावर जायचं आणि जिथे सावली पडेल तिथे तिच्या कडेने रेघ ओढायची. पाण्याच्या टाकीची निळी, सुताराच्या भिंतीची लाल. खाली येऊन सगळं वहीत उतरवायचं. पावसाने खडू धुऊन नेला तेव्हा काकांनी ऑइलपेंटचे ठिपके द्यायला सुरुवात केली. छताला गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

"काका, विमान उतरवताय का?" सुताराने वरून हाक मारली.

"उतरवलं असतं, पण तुझी भिंत आड येते."

सुताराचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो जिना उतरून, रस्ता ओलांडल्यासारखा वळसा घालून काकांच्या दारात आला. "खरंच अडचण होतेय का हो माझ्या भिंतीची?"

"अरे, घरात माणसं वाढली, भिंत वाढणारच. सूर्य काय माझ्या एकट्याच्या नावावर आहे?" काकांनी त्याला आत बोलावून चहा पाजला. इतक्या वर्षांत दोघं फाटकापाशीच बोलले होते.

लेकीचा फोन दर रविवारी यायचा. "बाबा, एवढ्या वेळात लोक घर बांधून मोकळे होतात!"

"होतात ना. आणि मग गळतंय म्हणून रडत बसतात."

थंडी आली, सावल्यांनी पाय पसरले. सुताराच्या भिंतीने दुपारनंतर अर्धं छत गिळलं, आणि जे तिने सोडलं त्याच्या मधोमध टाकीची सावली सकाळपासून लोळत राहिली. थंडी भरात आली त्या आठवड्यात काकांनी तीन वाजताचे शेवटचे ठिपके दिले, कंबर सरळ केली आणि छतावर एक नजर फिरवली. ठिपक्यांच्या या गर्दीत एकच जागा कोरी राहिली होती. पूर्वेच्या कठड्याजवळचा कोपरा, दोन पलंग मावतील एवढा. तिथे ऊन सकाळपासून दुपार कलेपर्यंत हटत नव्हतं.

आणि त्या कोपऱ्यात काकूंची वेताची खुर्ची होती.

ती खुर्ची तिथे कशी आली ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी काकूंना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे हॉस्पिटलात काढून घरी आल्या तेव्हा अंगावर मूठभर मांस नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ उन्हात बसा. काकांनी त्याच दिवशी खुर्ची छतावर नेऊन ठेवली. पण काकूंना जिना चढवेना. पायऱ्या एकोणीस. पहिल्या दिवशी दोन चढल्या आणि तिथेच बसल्या. काका खालच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी चार. कोणी कोणाला चल म्हणायचं नाही की बस म्हणायचं नाही. नवव्या दिवशी काकू खुर्चीपर्यंत पोचल्या, डोळे मिटून तासभर उन्हात बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, भूक लागलीय." महिन्याभरात तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला होता. काका इतक्या घाईने जिना उतरले की शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला.

तेव्हापासून थंडीत दहा ते बारा ही काकूंची वेळ. जुने स्वेटर उसवायचे, लोकर धुऊन नवं काहीतरी विणायचं, खालून जाणाऱ्यांची विचारपूस करायची.

काकांनी वही मिटली ती तीन दिवस उघडली नाही. बोलावं तर पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत. लेकीला त्यांनी सांगितलं, "अजून मोजतोय." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रीडिंग खोटं सांगितलं होतं, आणि जेवण गोड लागेना.

चौथ्या दिवशी ते उगाचच छतावर घुटमळत होते. काकू विणता विणता, मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या खुर्चीच्या चहूबाजूंना ठिपके आहेत, खुर्चीखाली एकही नाही. मला काय दिसत नाही असं वाटतं तुम्हाला?"

काका कठड्यावर सांडलेला रंगाचा ठिपका नखाने खरवडू लागले.

"मी उठते इथून. पुढच्या खोलीच्या खिडकीत बसेन."

"तिथे ऊन वीस मिनिटं टिकतं."

काकूंनी सुया खाली ठेवल्या. "तेही मोजलंत?"

"मोजलं."

काकूंना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, आणि खोकला आल्यावर दोघंही एकदम थांबले. तसा काही खास नव्हता, साधा ठसका. पण तो विरेपर्यंत काका कठड्याला धरून उभे राहिले.

मग म्हणाले, "तुझी जागा द्यायची नाही. वीज काय, इतकी वर्षं तारेतून आलीच आहे."

"मग पोरीला नाही म्हणून सांगून टाका."

"तेही म्हणवत नाही गं." काका खुर्चीशेजारी जमिनीवर टेकले. "जन्मभर लोकांनी किती वीज घेतली तेच लिहिलं मी. एकदा तरी कोणी किती दिली ते लिहावं असं वाटतं. आणि ते आपल्या घरचं असावं."

काकू थोडा वेळ लोकर गुंडाळत बसल्या. नवरा असं काही मागत नसे. मागितलं ते एवढंच. मग त्यांनी सुईच्या टोकाने समोर दाखवलं. "आणि ती टाकी?"

"टाकीचं काय? तिचीच तर सावली सगळ्यात वाईट. सकाळी नऊपासून..."

"ते नाही विचारत. ती तिथेच का?"

"म्हणजे?"

"अहो, सुताराची भिंत हलणार नाही, कबूल. पण टाकी काय जमिनीतून उगवली? नळवाल्यानेच बसवली ना? मग तोच हलवेल."

काका टाकीकडे बघत राहिले. आठ महिने त्यांनी तिच्या सावलीची बोट-बोट नोंद ठेवली होती आणि टाकी हलू शकते हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. आहे तो आकडा लिहायची सवय. तो असा का, हे विचारायची नव्हे.

"तू हे आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही रमला होतात. रिकामा नवरा घरात फिरण्यापेक्षा छतावर बरा."

नळवाला म्हणाला, एका दिवसाचं काम. लागले तीन. टाकी उत्तरेच्या टोकाला, सावली छताबाहेर पडेल अशी नेली. जुना पाइप उघडताच एक दिवस नळाला गढूळ पाणी आलं, काकूंनी सुताराकडून बादल्या आणल्या आणि येताना प्रत्येक वेळी "मोजा आता बादल्या" असं ऐकवलं. पण टाकी हलली तशी छताच्या मधली जागा उजळली. काकांनी पुन्हा दोन आठवडे मोजलं. सकाळी नऊ ते दुपारी दोन, लख्ख.

सर्व्हेवाल्या मुलीला त्यांनी स्वतः फोन केला. या वेळी ती दोन तास थांबली. वही मांडीवर घेऊन एकेक पान ठिपक्यांशी ताडून पाहत छतभर फिरली.

"दहा नाही सर, चारच बसतील. कंपनीला नाही आवडणार."

"आणि तुम्हाला?"

"मला चालेल," ती म्हणाली. मग जरा ओशाळून, "या पानांचे फोटो घेऊ का? आमच्या इथे दाखवायचेत."

"घ्या. पण सहाव्या पानावर अकराची वेळ चुकलीय, सव्वाअकरा आहे. पाहुणे आले होते."

लेकीला मात्र हे पसंत पडलं नाही. "चारच? एवढा वर्षभर घोळ घालून? बाबा, जेमतेम अर्धं बिल वाचेल."

"अर्धं वाचलं म्हणजे वाचलंच की."

"पण उरलेलं अर्धं छत—"

काकूंनी फोन ओढून घेतला. "अगं, उरलेल्या अर्ध्यात मी बसलेय."

पलीकडून लेक हळूच म्हणाली, "खुर्ची अजून तिथेच आहे?"

"तिथेच."

"मग असू दे, आई. चारच असू देत."

थंडी सरता सरता पॅनल बसले. पहिले दोन दिवस आभाळ भरून राहिलं. पॅनल वर थंड, काकू खाली शाल पांघरून बसलेल्या, आणि काका दोघांमध्ये जिन्यावर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. काका फडकं घेऊन पॅनल पुसायला वर गेले, तर काकू लोकर घेऊन आधीच हजर.

"अहो, तिथे नका उभे राहू. सावली पडतेय."

"पॅनलवर?" काका दचकून बाजूला झाले.

"माझ्यावर."

काका आणखी दोन पावलं सरकले आणि पॅनल पुसू लागले. पहिलं बिल आलं ते अर्ध्याहून थोडं जास्तच आलं, ढगाळ दिवसांमुळे. त्याचं त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. बाहेर दिलेल्या विजेचा आकडा बिलावर वेगळा छापलेला होता, लहानसाच. तेवढा त्यांनी काकूंना मोठ्याने वाचून दाखवला.

पुढच्या आठवड्यात सुतार आला. त्याचं छत उंच, ऊन चिकार, आणि बायकोने सोलरचा हट्ट धरलेला. "काका, एकदा येऊन बघता का? कंपनीवाला म्हणतो बारा बसतील."

"म्हणेल. आई तुझी कपडे कुठे वाळत घालते? कुठे बसते?"

सुतार विचारात पडला. "ते... नाही सांगता येत."

काकांनी चपला घातल्या. आतून काकूंचा आवाज आला, "जेवायला कधी येणार?"

"तीन वाजून जातील," काका म्हणाले आणि सुताराच्या मागोमाग निघाले.